बंद पडलेले कोबाल्ट यंत्र भंगारात देता येते का?

नागपुरातील आपल्या धर्मादाय रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराचे जुने कोबाल्ट यंत्र कित्येक वर्षे कुलपात पडून आहे, त्यातला स्रोत, म्हणजे किरणे देणारा किरणोत्सारी कोबाल्ट, एव्हाना ‘संपला’ असेल, तर ते भंगारात काढून खोली मोकळी करता येईल का, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आहे. यंत्र भंगारात देता येणार नाही, आणि स्रोतही संपलेला नाही.

यंत्रातल्या कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, 5.27 वर्षे आहे. म्हणजे 10,000 क्युरीचा (क्युरी हे किरणोत्साराचे एकक) स्रोत 21 वर्षांनी सुमारे 625 क्युरी उरतो; एवढ्याने उपचाराला फार वेळ लागतो म्हणून यंत्र निकामी ठरते, पण कवच फोडून तो हाताळणाऱ्याचा जीव घ्यायला तेवढा पुष्कळ झाला. दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेले गॅमा उपकरण लिलावात काढले आणि 2010 मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडले गेले, तेव्हा एका कामगाराचा मृत्यू झाला आणि अनेक जण आजारी पडले.

स्रोत काढण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, आधी परवानगी लागते. स्रोत मूळ पुरवठादाराकडे परत जातो. भारतीय स्रोत असेल तर ‘ब्रिट’कडे, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडे. प्रशिक्षित माणसे तो यंत्राच्या हेडमधून, म्हणजे स्रोत ठेवलेल्या कवचबंद भागातून, थेट वाहतुकीच्या शिशाच्या जड पात्रात सरकवतात. हे पात्र 9 मीटरवरून पडणे आणि 800 अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास राहणे, अशा कसोट्यांना उतरलेल्या प्रकारचे असावे लागते. स्रोत गेल्यावरही हेड भंगारात टाकू नये, कारण काही जुन्या यंत्रांच्या कवचात क्षीण युरेनियम (किरणे अडवणारा जड, पण स्वतःही किंचित किरणोत्सारी धातू) असते आणि त्याचाही वेगळा हिशेब द्यावा लागतो.

खोलीची मात्र फारशी चिंता नको. अणुभट्टीत न्यूट्रॉनांमुळे पोलाद आणि काँक्रीटच किरणोत्सारी होते, म्हणून ती मोडायला दशके लागतात. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी भिंती तशा होत नाहीत. स्रोत गळलेला नाही हे पुसणी-चाचणीने (पृष्ठभाग पुसून त्या बोळ्यावरचा किरणोत्सार तपासणे) आणि मोजणीने सिद्ध झाले, की ती खोली इतर कामाला वापरता येते.

यंत्र बंद झाले की किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यालाही कामावरून कमी करायचे, ही आपल्याकडची काटकसर फार महाग पडते. स्रोत आपल्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी परवानाधारक म्हणून रुग्णालयाचीच राहते. हे पद रिकामे असेल तर आधी ते भरा. एईआरबीकडचा अर्ज त्यानंतर.