ट्रेकच्या प्रथमोपचार पिशवीत टॉर्निकेट, टाके घालायचं साहित्य, सलाईन ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की सह्याद्रीत नियमित ट्रेक करता, पिशवीत सध्या पट्ट्या, कापूस आणि बेटाडीन आहे, आणि आता टॉर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा, पिळायची दांडी असलेला पट्टा), चेस्ट सील (छातीच्या भोकावर चिकटवायची पट्टी), फुप्फुसाभोवती कोंडलेली हवा काढायला छातीत टोचायची जाड सुई, टाक्यांचा संच आणि सलाईन घ्यायचा विचार आहे. मी अपघात विभागात परिचारिका आहे आणि सुट्टीला गडांवर जाते. माझं उत्तर असं: टॉर्निकेट घ्या, बाकीचं राहू द्या. त्या पैशांत आणि वजनात जास्त उपयोगाच्या गोष्टी येतात.

टॉर्निकेट अशासाठी की मांडीची किंवा दंडाची मोठी धमनी कापली गेली तर माणूस काही मिनिटांत हातचा जातो. तेवढ्यात १०८ची गाडी गडाखालच्या गावातसुद्धा पोचत नाही. आधी जखमेवर जोर लावून दाबायचं. तरीही रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर ५ ते ७ सेंमीवर, गुडघा-कोपर टाळून पट्टा आवळायचा आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. जखमी माणसाला असह्य दुखतं, तो सोडा म्हणून विनवतो. सोडायचं नाही, मधेच सैल करूनही बघायचं नाही. बांधल्याची वेळ पट्ट्यावर पेनानं लिहा, कारण रुग्णालयात पहिला प्रश्न तोच येतो. दोन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या नकला घेऊ नका, त्यांची दांडी ऐन वेळी वाकते किंवा तुटते. आणि एक पट्टा सरावासाठी वेगळा ठेवा. डाव्या हातानं, अंधारात, स्वतःच्या मांडीवर बांधता येईपर्यंत सराव करा.

जांघेत किंवा काखेत पट्टा बसतच नाही. तिथं जखमेत गॉज कोंबून दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबावं लागतं. म्हणून गॉजचे लांब रोल भरपूर घ्या आणि वरून बांधायला रुंद इलॅस्टिक पट्टी.

टॉर्निकेट जवळ असणाऱ्याला मी एक गोष्ट हमखास बजावते: साप चावल्यावर ते बाहेर काढायचं नाही. घोणस आणि फुरसं यांच्या विषानं चावल्या जागचं मांस सडतं, आणि घट्ट बांधलं की ते नुकसान वाढतं. नाग-मण्यारच्या दंशात बांधलेलं सोडल्याबरोबर माणूस अचानक कोसळू शकतो. कापू नका, चोखू नका. अंगठ्या, कडं, बूट काढा, हातापायाला फळी बांधून तो हलू देऊ नका आणि माणसाला उचलून खाली आणा. प्रतिविष स्वतःजवळ बाळगायची कल्पनाही सोडा. ते शिरेतून, एका वेळी अनेक कुप्या असं द्यावं लागतं आणि त्याचीच जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते.

टाक्यांबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. जखम शिवायला काही तासांचा अवधी असतो, आणि मातीनं भरलेली जखम वरून शिवली की आत पू धरतो. आमच्याकडे अशी आलेली जखम पुन्हा उघडून धुवावी लागते. तुम्ही प्यायच्या स्वच्छ पाण्याच्या धारेनं ती नीट धुऊन झाकून आणलीत, तरी निम्मं काम झालं. छातीतली सुई तर मुळीच नको. फुप्फुसाभोवती हवा कोंडली आहे हे ओळखणंच कठीण असतं, आणि चुकीच्या माणसाला टोचली तर चांगलं फुप्फुस फुटतं. सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली वाहून नेण्यापेक्षा ओआरएसची पाकिटं न्या.

ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनचं तुम्ही विचारलेलं नाही, पण गडांवर मला सर्वांत जास्त धास्ती आग्यामाशांची वाटते. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वासाला घरघर, चक्कर असं झालं तर सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीवर वेळ घालवू नये. तिथं ॲड्रेनालिनच लागतं, तेही मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. मात्र ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि मात्रा भरायला स्वतः शिकवलेलं असेल तरच जवळ ठेवा. तेच इंजेक्शन शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. गटात कोणाला आधी अशी ॲलर्जी आली असेल तर हे काम ट्रेकच्या आधी उरकून घ्या.

कोकणात उतरणारे कधी कधी विंचवासाठी प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी नेऊ का म्हणून विचारतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. पण त्या गोळीनं रक्तदाब एकदम उतरू शकतो, माणसाला आडवं ठेवून पुनःपुन्हा तपासत राहावं लागतं. ते काम खालच्या दवाखान्याचं.

आता जे खरोखर रोज लागतं ते. पाय मुरगळणं आणि हाड मोडणं यासाठी फोमची वाकवता येणारी स्प्लिंट, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी. दुसरं, चंदेरी फॉइलचं ब्लँकेट. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अवघड ठिकाणी जखमी माणसाला काढायला बचाव पथकाला तासन् तास लागतात. पावसात ओल्या कातळावर पडून तो गारठतो, आणि अंग गारठलं की रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते. खाली मॅट किंवा सॅक, अंगात कोरडे कपडे, वरून फॉइल. एवढंसं पुडकं चेस्ट सीलपेक्षा कितीतरी अधिक माणसं वाचवेल, असं माझं ठाम मत आहे. हातमोज्यांचे चार जोड, कात्री आणि शिट्टीही त्याच पिशवीत टाका.

निघायच्या आदल्या दिवशी पायथ्याजवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोन करून सर्पदंशावरचं प्रतिविष शिल्लक आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का हे विचारून घ्या. तो नंबर आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर कागदावर लिहून पिशवीत ठेवा, आणि पिशवी कुणाच्या सॅकमध्ये कोणत्या कप्प्यात आहे हे गटातल्या प्रत्येकाला दाखवा. जखमी होणारे तुम्ही स्वतःही असू शकता.