खरूज: घरात बाकी कोणालाच काही नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या आठ वर्षांच्या मुलीला अंथरुणावर पडले की खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुरळ आहे, आणि पंधरा दिवस कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घालून, हळदीचा लेप लावूनही ते हटत नाही, असे आपण लिहिले आहे. त्यातील शेवटचे वाक्य वाचून मात्र मी थांबलो: ‘घरात बाकी कोणालाच काही नाही.’ तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः डॉक्टरांना सांगितले होते आणि त्याची किंमत आम्ही अडीच महिने मोजली. मी डॉक्टर नाही. हा केवळ एका घराचा अनुभव आहे, निदान त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावे.

माझा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातून खरूज घेऊन आला. आम्ही त्याला कडुनिंबाचे पाणी आणि करंजाचे तेल सुरू केले, खाज थोडी कमी झाली आणि आम्ही समाधान मानले. सुट्टीभर तो आजीच्या कुशीत झोपत होता. आजीला काहीच होत नव्हते, म्हणून तिला काहीही लावले नाही, आणि हीच आमची सर्वांत मोठी चूक ठरली. खरजेचा किडा अंगात पहिल्यांदाच शिरतो तेव्हा खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात, कारण खाज ही किड्याला आणि त्याच्या विष्ठेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. तोवर मादी त्वचेत बोगदा करून रोज दोन-तीन अंडी घालत असते आणि तो माणूस इतरांना खरूज देत असतो. डिसेंबरात आजी खाजवू लागली, तेव्हा आम्ही ते थंडीने कोरड्या पडलेल्या त्वचेवर ढकलून तिला खोबरेल तेल लावत राहिलो. संक्रांतीपर्यंत घरातील पाचही जण रात्र जागून काढत होतो.

वसतिगृहाच्या कार्यालयाविषयीचा राग अजूनही गेलेला नाही. एकाच खोलीत झोपणाऱ्या सर्व मुलांवर एकाच दिवशी उपचार करा, अशी विनंती मी दोनदा लेखी केली. उत्तर आले की हा त्रास घरूनच आला असावा आणि मुलगा बरा असल्याचा दाखला आणल्याशिवाय त्याला प्रवेश मिळणार नाही. इतर पालकांना त्यांनी साधी सूचनाही दिली नाही. खरूज म्हणजे अस्वच्छता, या समजापायी संस्था ती लपवतात आणि मुले ती वाटून घेतात.

आता घरगुती उपायांविषयी माझे स्पष्ट मत. कडुनिंब निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात कडुनिंब आणि हळदीचा लेप लावलेल्या ८१४ जणांपैकी ९७ टक्के बरे झाल्याची नोंद आहे. परंतु तो लेप होता, आंघोळीचे पाणी नव्हे, आणि अशा एका अभ्यासावर लहान मुलीचे आणखी पंधरा दिवस घालवू नयेत. लिंबू, लसूण, व्हिनेगर यांनी खाजवलेली त्वचा भाजते. खोबरेल तेलात कापूर घालून लहान मुलांना चोळणे तर धोक्याचे आहे, कारण कापराने त्यांना झटके येऊ शकतात. जुन्यांपैकी गंधकाचे मलम आजही डॉक्टर देतात, अगदी तान्ह्या मुलांनाही, पण ते प्रमाणात बनवलेले असते. दुकानातून गंधक आणून अंदाजाने मिसळू नये. औषधांच्या दुकानातून न विचारता मिळणारी ‘खाजेची ट्यूब’ही नको, कारण तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते, त्याने लाली दबते आणि किडे वाढत राहतात.

आम्हाला गुण आला तो पर्मेथ्रिन ५ टक्के मलमाने: मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, जांघेत लावून रात्रभर ठेवायचे, हात धुतले की हातांना पुन्हा लावायचे, आणि ७ दिवसांनी, मधल्या काळात अंड्यांतून निघालेल्या किड्यांसाठी, पुन्हा एकदा. पाचही जणांनी एकाच रात्री लावले, खाज असो वा नसो. घरात कोणी गरोदर असेल किंवा तान्हे मूल असेल, तर त्यांचे औषध आधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. त्याच सकाळी चादरी आणि कपडे कढत पाण्यात धुतले. गोधड्या धुणे शक्य नव्हते, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवल्या, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा फारसा जगत नाही. घरात कीटकनाशक फवारण्याची गरज नसते.

त्यानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. त्या काळात घाबरून आम्ही मलम पुन्हा पुन्हा लावले आणि मुलाच्या त्वचेची आग ओढवून घेतली, तसे करू नये. पुरळात पू झाला, चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिकलेल्या खरजेतून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. आणि आज रात्री आपली मुलगी कोणाच्या शेजारी झोपते, तिला कोण आंघोळ घालते, गेल्या दोन महिन्यांत कोणते पाहुणे मुक्कामी राहिले, त्यांची यादी करून डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी.