जांभ्याची भिंत, चिऱ्यांशिवाय
प्रश्न : बैठकीच्या खोलीतील एक भिंत कोकणातल्या जांभ्याच्या बांधकामासारखी दिसावी, पण खर्च बेताचा असावा. काय करावे?

उत्तर : भिंतीला ओल असल्यास आधी तिचा बंदोबस्त करावा आणि जुना रंग खरवडून काढावा, नाहीतर नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मग उभे सांधे एकाखाली एक येणार नाहीत अशा बेताने मास्किंग टेपने चिरे आखून, भिंत ओलसर करून, पांढरे सिमेंट व चाळलेली बारीक वाळू यांचा 3-4 मिलिमीटरचा थर थापीने द्यावा. तो ओला असतानाच टेप ओढून काढावी आणि ताठ ब्रशने टोचून जांभ्याची भोके उमटवावीत. दोन-तीन दिवस पाणी मारून, पूर्ण वाळल्यावर गेरूच्या छटेचे पातळ इमल्शन स्पंजाने टिपावे. काही चिरे मुद्दाम काळपट ठेवावेत. सगळे एकाच रंगाचे झाले की नक्कल लगेच उघडी पडते.