‘समजलं का?’ विचारणं आधी बंद करा: इंग्रजी ग्रामर शिकवणाऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं

परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांचे जे प्रश्न माझ्याकडे येतात त्यातले अर्धेअधिक एकाच जागी अडकलेले असतात. विद्यार्थी इंटरमिजिएट आहेत, नियम पाठ आहेत, वर्कशीट बरोबर येते, आणि बोलायला लागले की तीच चूक. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळ्यांना एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न: ६० मिनिटांच्या तासात ग्रामर समजावून सांगायला किती वेळ ठेवायचा?

१० ते १५ मिनिटं. बाकीचा वेळ विद्यार्थ्यांनी ते वापरायचं.

प्रश्न: बी१, म्हणजे इंटरमिजिएट लेव्हलचे विद्यार्थी अजून ‘शी गो’, ‘ही वर्क’ म्हणतात. पहिल्या महिन्यात शिकवलेला ‘शी गोज’मधला ‘एस’ परत पहिल्यापासून घेऊ का?

नको. हा ‘एस’ शिकवला जातो सगळ्यात आधी आणि बोलण्यात बसतो खूप उशिरा, आणि हे भल्याभल्यांचं होतं. ऐकू आला नाही की बोटाने खूण करा, तो स्वतःच दुरुस्त करेल, तेवढं पुरे.

प्रश्न: बॅचमध्ये जर्मन, फ्रेंच आणि कोरियन विद्यार्थी आहेत. प्रेझेंट परफेक्ट (‘आय हॅव सीन’सारखा काळ) दोनदा शिकवून झाला. वर्कशीटमध्ये १० पैकी ९ बरोबर, ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. आणि मधल्या सुट्टीत तेच म्हणतात ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’. माझं कुठे चुकतंय?

‘समजलं का?’ इथेच चुकतंय. या लेव्हलचा विद्यार्थी हो म्हणतो कारण त्याला वर्ग अडवायचा नसतो, किंवा त्याला खरंच वाटत असतं की समजलंय, आणि दोन्ही वेळा तुमच्या हाताला काहीच लागत नाही. वर्कशीटवरही जाऊ नका, वर ‘प्रेझेंट परफेक्ट’ असं हेडिंग छापलेलं असेल तर खाली सगळीकडे ‘हॅव’ लावायला अर्थ कळावा लागत नाही.

आता ‘आय सॉ हिम येस्टरडे’ऐवजी ही चूक येते कुठून ते बघा. जर्मन आणि फ्रेंचमध्ये ‘हॅव सीन’सारखीच दिसणारी रचना रोजच्या बोलण्यात साध्या भूतकाळासाठी वापरतात, ‘काल’ बरोबर ती व्यवस्थित चालते, म्हणजे तो विद्यार्थी त्याच्या भाषेत अगदी शुद्ध बोलतोय. कोरियनमध्ये भूतकाळाचा एकच प्रत्यय बहुतेक वेळा ‘सॉ’ आणि ‘हॅव सीन’ दोन्हींची कामं करतो, त्यामुळे त्याची अडचण वेगळी. आणि आपल्यालाही हे कळायला हवं, कारण मराठीत आपण बिनधास्त म्हणतो ‘मी त्याला कालच पाहिलंय’. म्हणून ‘हॅव म्हणजे आहे’ असं शिकवाल तर तीच चूक तुम्हीच पेरताय.

काय करायचं? बोर्डवर दोन वाक्यं लिहा. ‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’. नियम सांगू नका, प्रश्न विचारा. दुसऱ्या वाक्यात किल्ली आत्ता त्याच्याकडे आहे का? नाही. कधी हरवली ते सांगितलंय का? नाही. मग पहिल्या वाक्याकडे या, इथे किल्ली आत्ता आहे का? वर्ग एकसुरात ‘नाही’ म्हणेल. थांबा. खरं उत्तर ‘सांगता येत नाही’ हे आहे, कदाचित सापडलीही असेल, वाक्य त्याबद्दल गप्प आहे. हे ‘सांगता येत नाही’ वर्गातून स्वतःहून येईपर्यंत पुढे जाऊ नका, सगळा धडा तिथे आहे. मी एकदा बघायला बसले होते त्या वर्गात दुसऱ्या वाक्यावर एक अतिशय हुशार मुलगा ठामपणे म्हणाला, ‘येस, ही हॅज द की, लॉस्ट इज फिनिश’. दोन आठवडे तो सगळ्या वर्कशीट बरोबर सोडवत होता आणि त्याच्या डोक्यात अर्थ नेमका उलटा होता! कुणी विचारलंच नव्हतं.

असे प्रश्न ऐनवेळी सुचत नाहीत, ते घरी बसून प्लॅनमध्ये शब्दशः लिहायचे, तीन पुरेत. जी रचना शिकवताय ती प्रश्नात वापरायची नाही, भाषा विद्यार्थ्याच्या लेव्हलपेक्षा सोपी ठेवायची, आणि उत्तर हो, नाही किंवा माहीत नाही एवढ्यात यायला हवं. ‘हा प्रेझेंट परफेक्ट आहे का?’ हा प्रश्न चालणार नाही, त्याने फक्त नाव तपासलं जातं. मग दोन्ही काळ मिसळलेला, हेडिंग नसलेला सराव द्या, आणि आठवड्याने परत एकदा द्या. एक सावधगिरी, अमेरिकन इंग्रजीत ‘आय ऑलरेडी एट’ सर्रास चालतं, ते चूक म्हणून कापू नका. ‘हॅव सीन’ बरोबर ‘येस्टरडे’ मात्र ब्रिटिश काय, अमेरिकन काय, प्रमाण इंग्रजीत चालत नाही. आणि प्लॅन वर्गात नेण्याआधी एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला दाखवा, जमलं तर त्यांना मागे बसवा, त्यांनी फक्त तुमचे प्रश्न आणि उत्तरं कोणी दिली एवढंच लिहायचं.

प्रश्न: ‘३० दिवसांत बी१ वरून बी२’ असे रेडीमेड लेसन प्लॅन मिळतायत, ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे. घेऊ का?

‘आज रात्रीपर्यंत’ हे विकणाऱ्याचं घाईचं कारण आहे, तुमचं नाही. या लेव्हल कौन्सिल ऑफ युरोपच्या २००१ च्या आराखड्यातल्या आहेत. केंब्रिजच्या परीक्षा संस्थेचा अंदाज असा की बी१ पर्यंत शिक्षकाबरोबरचे साधारण ३५० ते ४०० तास लागतात आणि बी२ पर्यंत ५०० ते ६००. मधलं अंतर दीडशे तास धरलं तरी ३० दिवसांत रोज ५ तास झाले, एकही सुट्टी न घेता. अशी जाहिरात करणारा एकतर लेव्हल म्हणजे काय ते जाणत नाही किंवा जाणून फसवतोय, आणि मग विद्यार्थ्याला वाटतं आपणच मठ्ठ, याचा मला फार राग येतो. पैसे देण्याआधी एक पूर्ण प्लॅन मागा. त्यात विद्यार्थी कुठे चुकतील आणि अर्थ कसा तपासायचा हे नसेल तर ते नुसते छापील कागद आहेत. असेल तरी तुमच्या कोर्सला बसतं का ते कोऑर्डिनेटरला विचारूनच घ्या.

प्रश्न: ‘सम’ होकारार्थी वाक्यात, ‘एनी’ नकारार्थी वाक्यात आणि प्रश्नात, हा नियम पक्का ना?

अर्धा. ‘वुड यू लाइक सम टी?’ हा प्रश्नच आहे. काही देऊ करताना किंवा मागताना ‘सम’ येतं. कोणीतरी सांगितलं म्हणून ‘कधीच’ आणि ‘नेहमी’ असे शब्द वर्गात वापरू नका, चांगल्या ग्रामरच्या पुस्तकात बघा, शंका राहिली तर सीनियरना विचारा.

प्रश्न: बोलताना प्रत्येक चूक सुधारावी का?

नाही. नव्या रचनेचा सराव चालू असेल तर लगेच थांबवा, मोकळ्या गप्पा चालू असतील तर चुका लिहून ठेवा आणि शेवटच्या ५ मिनिटांत नावं न घेता बोर्डवर घ्या. आणि कसं सुधारताय तेही बघा. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांचा (जिथे शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवतात) अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा चुकीचं वाक्य नुसतं बरोबर करून परत म्हणत होते, आणि नेमका त्यालाच विद्यार्थ्यांचा प्रतिसाद सगळ्यात कमी होता. त्यांना ती दुरुस्ती वाटतच नाही, वाटतं सर फक्त मान डोलावतायत. म्हणून चुकीच्या शब्दापर्यंत वाक्य म्हणा आणि थांबा, पुढचं त्याला म्हणू द्या.

प्रश्न: एक विद्यार्थी बोलतो छान, पण वाचताना शब्द सुटतात, लिहायला लावलं की गप्प. व्हिडिओ बघितले, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) वाटतो. कोर्स संपायला ५ आठवडे आहेत, तोपर्यंत बघू का?

५ आठवडे का घालवताय? आणि व्हिडिओ बघून निदान करू नका, तो शब्द त्याच्यासमोर उच्चारूही नका. एकट्याला विचारा की स्वतःच्या भाषेत वाचायला त्रास होतो का. त्याची लिपी वेगळी असेल, समजा उजवीकडून डावीकडे लिहायची, तर कदाचित नुसती सवय कमी पडत असेल. स्वतःच्या भाषेतही त्रास असेल तर त्याची परवानगी घेऊन याच आठवड्यात कोऑर्डिनेटरशी आणि त्यांच्यामार्फत तज्ज्ञाशी बोला. मोठा टाइप आणि ओळींत जास्त जागा असलेलं हँडआउट उद्यापासून द्या, आणि सगळ्यांनाच द्या, म्हणजे तो एकटा वेगळा दिसणार नाही.