चांगल्या हेडफोनवर कोणतं संगीत सर्वांत खुलतं?

प्रश्न : चांगल्या दर्जाचे हेडफोन घेतले. नेहमीची गाणी लावून पाहिली. आवाज थोडा स्वच्छ वाटतो, पण लोक सांगतात तेवढा फरक जाणवत नाही. कोणत्या प्रकारचं संगीत यावर सगळ्यात छान वाटेल?

उत्तर :

संगीताचा प्रकार शोधू नका, ध्वनिमुद्रण शोधा. शास्त्रीय, जॅझ, रॉक, इलेक्ट्रॉनिक, सगळ्यांत हेडफोनवर फुलणारी मुद्रणं आहेत आणि निराश करणारीही आहेत. नेहमीच्या गाण्यांत फरक कळला नाही, कारण त्यातली बरीच गाणी फोनच्या स्पीकरवर आणि गाडीतही सारखीच ऐकू यावीत अशा बेतानं मिसळलेली असतात. त्यांत दडलेलं फारसं काही नसतं, मग हेडफोन तरी काय उघड करणार?

आधी हेडफोन काय वेगळं करतो ते पाहू, म्हणजे निवड सोपी होईल. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही पोहोचतो, भिंतींवरून परत येतो, आणि खोलीच्या मापानुसार खर्जातले काही स्वर फुगतात तर काही गायब होतात. हेडफोनमध्ये मध्ये खोलीच नाही. डावा आवाज फक्त डाव्या कानात, उजवा फक्त उजव्यात. त्यामुळे बारीकसारीक आवाज, विरत जाणारे स्वर, डावी-उजवी मांडणी आणि अगदी खालचा खर्ज हे चार पैलू हेडफोनवर स्पीकरपेक्षा स्वस्तात आणि नेटके मिळतात. खर्जाचा छातीवर बसणारा धक्का मात्र कोणताही हेडफोन देत नाही, आणि वाद्यवृंद समोर बसल्याचा भासही क्वचितच होतो.

सुरुवात एकट्या आवाजापासून करा. माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला पाठ असतं, त्यामुळे खोट लगेच पकडली जाते. सुझॅन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ वाद्यांशिवाय गायलेलं आहे. एमपीथ्री तयार होत असताना त्यावर काम करणारे अभियंते कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी ते कसोटीसाठी वापरलं, कारण इतर संगीतावर बरी चालणारी पद्धत या एकट्या आवाजावर उघडी पडत होती. मागे झाकायला काहीच नाही ना! यात ओळीआधीचा श्वास ऐका, शब्दाच्या शेवटी आवाज कसा सुटतो ते ऐका, ‘स’ आणि ‘श’ मधलं घर्षण ऐका. ‘स’ टोचत असेल तर आणखी तीन-चार वेगळ्या गायकांची मुद्रणं लावा. सगळ्यांचाच ‘स’ टोचत असेल तर दोष हेडफोनचा, म्हणजे साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झचा पट्टा चढा आहे. इक्वलायझरवर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करण्याची सोय) तो २-३ डेसिबल उतरवा. एकाच मुद्रणात टोचत असेल तर मुद्रणच तसं आहे, हेडफोनला हात लावू नका.

यानंतर तंबोरा. माझ्या मते हेडफोनची याहून प्रामाणिक परीक्षा नाही. जवारी (तारेखालच्या दोऱ्यानं साधलेला झणकार) नीट लागलेल्या तंबोऱ्यात तार छेडल्यावर मूळ स्वरापेक्षा वरचे स्वयंभू स्वर जास्त उठून दिसतात, आणि ते एकामागून एक उलगडत खाली उतरतात. साध्या इअरफोनवर हा सगळा एक सलग गुंजारव होतो. चांगल्या हेडफोनवर पंचम, जोड आणि खर्ज या तारा वेगवेगळ्या मोजता येतात, खर्जाच्या तारेतून वर येणारा गंधार ऐकू येतो, आणि दोन तंबोरे असतील तर पुष्कळदा एक डावीकडे, एक उजवीकडे असल्याचं कळतं. त्यासाठी संथ आलापी निवडा. तबला सुरू झाल्यावर कान तिकडेच जातो. कमी बिटरेटची, म्हणजे फार दाबून लहान केलेली फाइल असेल तर तंबोरा पाण्याखाली वाजल्यासारखा सळसळतो. ही खूण एकदा ओळखीची झाली की खराब फाइल दहा सेकंदांत कळते.

तबला, संतूर, गिटार अशी आघाताची वाद्यं वेगळ्या कारणासाठी ऐकावीत. आघात काही मिलिसेकंदांत उठतो आणि विरायला बराच वेळ घेतो. हेडफोनचा पडदा मूळ आवाज थांबल्यावरही थरथरत राहिला तर पुढचा बोल मागच्यात मिसळतो. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ आणि मैदानातला (कडेच्या आतल्या भागातला) ‘तिं’ वेगळ्या पोताचे लागायला हवेत, डग्ग्यावरची घसीट स्वरासारखी सरकत गेलेली कळायला हवी. द्रुत लयीत बोल चिकटत असतील तर बहुतेक वेळा खर्जाचा फुगवटा वरच्या भागावर सांडलेला असतो. २०० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल उतरवून पाहा.

पियानोत आघातापेक्षा शेपूट महत्त्वाचं. पेडल दाबून वाजवलेला खालचा स्वर दहा-पंधरा सेकंद तरी रेंगाळतो, आणि तो विरताना त्याचा रंग बदलत जातो. ही शेवटची काही सेकंदं साध्या इअरफोनवर आसपासच्या गोंगाटात बुडतात. एकल पियानोची संथ रचना शांत खोलीत, रात्री ऐका.

आता मांडणी. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत मुद्रित झाला. ही इमारत पूर्वी चर्च होती, आणि तिची उंची व पोकळी ट्रम्पेटच्या मागे स्पष्ट ऐकू येते. तीन ट्रॅकच्या टेपवर मुद्रण झाल्यानं वाद्यं डावी, मधली, उजवी अशी सुटी बसली आहेत. दोन सॅक्सोफोन दोन बाजूंना आहेत, तेव्हा कोण कधी वाजवतंय हे नवख्यालाही कळतं. एक तपशील ध्यानात ठेवा : मूळ तबकडीची पहिली बाजू टेपयंत्राच्या वेगातल्या चुकीमुळे किंचित चढ्या स्वरात होती. ती चूक १९९२ साली दुरुस्त झाली, तेव्हा दुरुस्त टेपवरून काढलेली आवृत्ती घ्या.

याउलट पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) स्टुडिओतच रचलेला आहे. हृदयाचे ठोके, धावणारी पावलं, एका कानातून दुसऱ्या कानात फिरणारा सिंथेसायझर हे सगळं मुद्दाम मांडलेलं. त्यातली घड्याळं अभियंता ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती. हेडफोनवर ती सुटी सुटी ओळखता येतात. अशा थरांच्या संगीतात एका वेळी एकच थर धरून ऐका, मग पुन्हा लावून दुसरा धरा. सगळं एकदम ऐकायला गेलात तर मेंदू पुन्हा नेहमीची गोळाबेरीज करून टाकतो.

खर्जासाठी पाइप ऑर्गन किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत. डबल बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा, आणि मोठ्या ऑर्गनची ३२ फुटी नळी १६ हर्ट्झच्या जवळ जाते. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच उमटत नाही. आपण वरच्या स्वरांवरून खालचा स्वर मनातच भरून काढतो. खालपर्यंत सरळ जाणारा बंद हेडफोन हा थर पहिल्यांदाच खराखुरा ऐकवतो. मोठा सबवूफर सोडला तर याला घरात पर्याय नाही. उघड्या पाठीच्या बऱ्याच हेडफोनचा आवाज मात्र ४०-५० हर्ट्झखाली क्षीण होत जातो. तुमचे तसे असतील तर हा खर्ज दुबळा लागेल. तो बिघाड नव्हे, रचनेचा परिणाम आहे.

आणि एक प्रकार असा, जो फक्त हेडफोनसाठीच आहे : बायनॉरल मुद्रण. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा पुतळा, त्याच्या दोन्ही कानांत मायक्रोफोन. न्यूमन कंपनीचा केयू १०० हा त्यातला प्रसिद्ध. डाव्या-उजव्या कानात आवाज पोहोचण्यातला फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, आणि त्यावर व कानाच्या पाळीनं केलेल्या बदलांवर आपण दिशा ओळखतो. हे दोन्ही मुद्रणात जसंच्या तसं उतरतं. स्पीकरवर लावलं तर दोन्ही बाजू मिसळून सगळा परिणाम जातो. कॉयर, छोटा वाद्यवृंद, पाऊस, गर्दीतली मैफल यांची बायनॉरल मुद्रणं शोधा. तुमच्या कानाची ठेवण पुतळ्यासारखी नसल्यानं समोरचा आवाज कधी डोक्याच्या मागे किंवा आत लागेल. ते स्वाभाविक आहे. ‘८डी’ नावानं फिरणारी गाणी मात्र बायनॉरल नव्हेत. ती साध्या गाण्याला गोल फिरवून, वर प्रतिध्वनी चढवून केलेली असतात.

काय निराश करेल तेही सांगतो. १९६० च्या दशकातली कित्येक स्टिरिओ मुद्रणं दोन ट्रॅकवर केलेली आहेत : गाणं एका कानात, वाद्यं दुसऱ्या कानात. स्पीकरवर चालून जातं, हेडफोनवर दहा मिनिटांत डोकं जड होतं. यावर तीन उपाय. मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज देणारी) आवृत्ती मिळत असेल तर तीच ऐका. नाहीतर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करा. संगणकावर ऐकत असाल तर क्रॉसफीड लावा. ते डावीकडचा थोडा भाग, वरचे स्वर उतरवून आणि किंचित उशिरानं, उजवीकडे सोडतं; ७०० हर्ट्झ आणि ४.५ डेसिबल ही प्रचलित मांडणी पुष्कळांना रुचते.

दुसरी निराशा म्हणजे आवाज जास्तीत जास्त मोठा करण्याच्या चढाओढीत चिरडलेली मुद्रणं. मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) ची सीडी याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ध्वनिलहरींची टोकं इतकी कापली गेली होती की त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती अधिक मोकळी वाटली. अशा मुद्रणावर चांगला हेडफोन तुटलेली टोकं आणखी स्पष्ट दाखवतो. जुन्या अल्बमची नवी ‘रीमास्टर’ आवृत्ती चांगलीच असेल असं धरून चालू नका, दोन्ही ऐकून ठरवा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाइलींमागे धावण्यापेक्षा चांगलं मास्टर (ज्यावरून प्रती निघतात ते अंतिम मुद्रण) शोधण्यात वेळ घालवा. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडीत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आणि २० किलोहर्ट्झच्या थोडं वरपर्यंतचा आवाज बसतो. ऐकण्यासाठी ते पुरेसं आहे.

एवढं ऐकूनही फरक जाणवला नाही, तर संगीतापेक्षा जोडणी तपासा. सर्वांत जास्त आढळणारा दोष कानाभोवतीची फट. चष्म्याची काडी किंवा केस हेडफोनच्या कपाच्या उशीखाली आले की खर्ज निसटतो. चष्मा काढून पाहा, दोन्ही कप हलके दाबून पाहा. दाबल्यावर खर्ज वाढला तर फट होती. कानात घालायचे असतील तर मोठ्या मापाचं टोक लावा. मग ॲपमधला दर्जा ‘ऑटो’वरून काढून सर्वोच्च करा. इक्वलायझर आणि ‘सराउंड’ बंद करा. वायरलेस हेडफोन संगणकाला जोडला असेल आणि कुठल्या ॲपनं त्याचा मायक्रोफोन सुरू केला, तर ब्लूटूथ बहुधा फोनकॉलच्या प्रोफाइलवर जातं आणि आवाज मोनो, टेलिफोनसारखा होतो. हेडफोनचा मायक्रोफोन सेटिंगमधून बंद करा, लगेच सुधारेल. हेडफोन ३०० ओहम विद्युतरोधाचा असेल आणि फोनला थेट लावला असेल तर आवाज पुरेसा चढणार नाही, मोठे आघात दबलेले लागतील. तिथे स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो. ३२ ओहमच्या बऱ्याच हेडफोनना साधा यूएसबी डोंगल चालतो.

जुन्या आणि नव्याची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. एखादा डेसिबल मोठं असलेलंही कानाला ‘जास्त चांगलं’ वाटतं आणि तुलना फसते. एकच तीस सेकंदांचा तुकडा, आधी जुन्यावर, मग नव्यावर. पण माझा भर उलट्या क्रमावर आहे : आठवडाभर फक्त नवा वापरा, मग एकदा जुना इअरफोन घाला. कानाला सवय हळूहळू लागते, मोडते मात्र झटकन. नव्यात काय मिळालं हे बहुतेकांना जुन्यावर परत गेल्यावरच कळतं.

आवाजाची पातळी ठरवताना काळजी घ्या, कारण वर सांगितलेल्या संगीतात शांत भाग फार आहेत आणि हात आपोआप आवाज चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. म्हणून आधी रचनेतला सर्वांत जोरकस भाग लावा, तिथे आवाज सुखावह वाटेल अशी पातळी ठेवा, आणि मगच सुरुवातीला या. त्या पातळीवर शांत भाग ऐकू येत नसेल तर बटणाला हात लावू नका. खोलीतला पंखा बंद करा, किंवा ती रचना रात्रीसाठी राखून ठेवा.