तलाव आहे, पण तिच्या वाट्याला किती?

प्रश्न : माझी मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. आम्ही दोघंही नोकरी करतो, वाकडला राहतो. मुळशीच्या बाजूला एक इंटरनॅशनल स्कूल पाहिलं. पोहण्याचा तलाव, घोडेस्वारी, एसी वर्ग, सगळंच आहे. फी वर्षाला सव्वातीन लाख, बस आणि जेवणाचे पैसे वेगळे. माहितीपत्रकात ‘आयबी कॅन्डिडेट स्कूल’ असं छापलंय. घरापासून दहा मिनिटांवर सीबीएसईची शाळा आहे, फी एक लाख दहा हजार, पण मैदान लहान. नवऱ्याचं म्हणणं, परवडतंय तर मोठी शाळा का नको? दहा दिवसांत पैसे भरायला सांगितलेत. काय करू?
– एक आई, वाकड

उत्तर : ताई, मुख्याध्यापिका असताना मी कितीतरी पालकांना शाळा फिरवून दाखवली आहे. पाहुण्यांना कुठून न्यायचं आणि कुठलं दार बंद ठेवायचं, हे प्रत्येक शाळेला ठाऊक असतं. म्हणून इमारत पाहून झाली असेल, तर आता वेळापत्रक मागा. यंदाच्या पहिलीच्या एका तुकडीचं, वर्गाच्या दारावर लावलेलं.

तलावाचाच हिशेब करू. पहिली ते दहावी, प्रत्येकी चार तुकड्या म्हणजे ४० तुकड्या. दिवसाला सहा तास (पिरियड), आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे तलावाचे ३० तास. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एकदा न्यायचं तर दोन-दोन तुकड्या एकत्र सोडाव्या लागणार. असा प्रत्येक तास असतो चाळीस मिनिटांचा. सहा वर्षांच्या मुलांचे कपडे बदलणं, आधीची आंघोळ, नंतर केस पुसणं यातच निम्मा वेळ जातो. उरली वीस मिनिटं, तीही साठ मुलांच्या गर्दीत. मग पावसाळा, स्नेहसंमेलनाची तयारी, परीक्षा. पोहणं प्रत्येक मुलीला यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, पण ते उन्हाळ्यातल्या एका शिबिरात, काही हजारांत येतं. घोड्याचीही अशीच चौकशी करा. बहुतेक ठिकाणी त्याची फी वेगळी असते.

आता ‘कॅन्डिडेट’बद्दल. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, स्वतःचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणारी संस्था. शाळेने आयबीकडे मान्यतेसाठी प्रक्रिया सुरू केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. मान्यता मिळेलच याची हमी त्यात नसते. मुलगी दहावीला कोणत्या बोर्डाची परीक्षा देणार, हे शाळेकडून लेखी घ्या. नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या कितीतरी शाळा शेवटी सीबीएसईच शिकवतात.

फीचा विचार एका वर्षाचा करू नका. महाराष्ट्राचा २०११चा शुल्क विनियमन कायदा खासगी विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, त्यातले पालक सदस्य सोडतीने निवडले जातात, आणि मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षं बंधनकारक असते. दर दोन वर्षांनी पंधरा टक्के वाढ धरली तर सव्वातीन लाखांचे दहावीपर्यंत जवळजवळ ४४ लाख होतात. बस, जेवण, गणवेश, सहली त्याच्या वर. नवऱ्याला हा आकडा कागदावर मांडून दाखवा. पहिलीला परवडणारी फी आठवीलाही परवडेल का, तेही दोघांपैकी एकाची नोकरी सुटली तर, हे दोघांनी बसून बोला.

दोन्ही शाळांत मी तीन गोष्टी पाहीन. पहिलीच्या बाई इथे किती वर्षं आहेत? दरवर्षी शिक्षक बदलत असतील तर एसी वर्गाचा काही उपयोग नाही. मधली सुट्टी संपल्यावर लहान मुलांच्या स्वच्छतागृहाची अवस्था काय असते? आणि ग्रंथालयातली पुस्तकं मुलं घरी नेतात का? नोंदवही चाळा. कोऱ्या करकरीत पुस्तकांचं सुंदर कपाट मी नको तितक्या शाळांत पाहिलंय.

मुळशीहून येताना हिंजवडीची गर्दी आहेच. सहा वर्षांच्या मुलीचा रोज दीड-दोन तास बसमध्ये जाणार असेल, तर खेळायला तिच्यात त्राण उरणार नाही. जवळच्या शाळेचं मैदान लहान असलं, तरी ती चार वाजता घरी येऊन सोसायटीत दोन तास खेळेल. त्या शाळेतल्या बाई टिकून असतील आणि वर्गात चाळिसाच्या वर मुलं नसतील, तर मी तीच निवडेन.

दहा दिवसांच्या मुदतीचं दडपण घेऊ नका. प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.