म्यू कितीही कमी केला तरी स्पीकर बोंबलतोच, असं का?

तुम्ही लिहिलंय की पाइपातला पंख्याचा आवाज स्पीकरच्या उलट्या आवाजाने मारायला एलएमएस (माइकवर उरलेला आवाज बघून फिल्टर दर नमुन्याला थोडा थोडा सुधारणारी पद्धत) लावलाय. सिम्युलेशनमध्ये झकास चालतो, खऱ्या पाइपावर मात्र स्पीकर बोंबलायला लागतो आणि म्यू (दर वेळी किती सुधारायचं ते ठरवणारा आकडा) कमी केला तर फक्त जरा उशिरा बोंबलतो. त्या ‘उशिरा’ शब्दातच दुखणं कळतं. दोष म्यूचा नाहीच, दिशेचा आहे.

मी यात दोन महिने घालवलेत. सहा इंची पीव्हीसी पाइप, २०० हर्ट्झचा सूर, स्पीकरपासून ८५ सेंटिमीटरवर एरर माइक, म्हणजे उरलेला आवाज ऐकणारा माइक. २०० हर्ट्झची तरंगलांबी साधारण १.७ मीटर, म्हणजे नुसत्या हवेतल्या प्रवासातच फेज (लाटेचा टप्पा) जवळजवळ १८० अंश उलटत होता. स्पीकर आणि अॅम्प्लिफायरचा उशीर वेगळाच. साधा एलएमएस धरून चालतो की फिल्टरने जे सोडलं ते त्याच क्षणी माइकवर पोचलं. त्यामुळे तो आवाज कमी करायला जायचा आणि दर नमुन्याला वाढवून ठेवायचा. माइक पुढे-मागे सरकवून २०० वर कसंबसं जमवलं, तर २६० वर पुन्हा तीच बोंब!

यावरचा उपाय म्हणजे एफएक्सएलएमएस. एलएमएसच्या जनकांपैकी एक असलेले विड्रो आणि ध्वनीच्या बाजूने बर्जेस, दोघांनी तो १९८१ साली स्वतंत्रपणे मांडला. संदर्भ सिग्नल (फिल्टरला मिळणारा मूळ आवाज) फिल्टरचे सहगुणक, म्हणजे त्याचे आकडे, सुधारायला वापरण्याआधी स्पीकर-ते-माइक मार्गाच्या मॉडेलमधून काढायचा, म्हणजे तोही तेवढाच उशिरा पोचतो. एवढंच!

मॉडेल बनवायला पंखा बंद करा, स्पीकरवर हळू आवाजात व्हाइट नॉइज (सगळ्या वारंवारितांचा सारखा खरखराट) वाजवा आणि साध्या एलएमएसनेच तो मार्ग ओळखून घ्या. मॉडेल तंतोतंत नको. फेजची चूक ९० अंशांच्या आत असली की म्यू पुरेसा लहान ठेवल्यावर गाडी रुळावर राहते. पण ९०च्या जवळ गेलात तर फार रखडते, म्हणून मी ४५च्या आत ठेवतो.

एक गोष्ट मात्र आधीच तपासा. लॅपटॉपच्या साउंड कार्डावर काम करत असाल तर सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने ५१२ नमुन्यांचा एक बफर (एकदम हाताळला जाणारा गठ्ठा) म्हणजे १०.७ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज साडेतीन मीटर पुढे गेलेला असतो. एकसुरी गुणगुण तरीही मरेल, कारण पुढची लाट मागच्यासारखीच असते. पंख्याची सळसळ मात्र मरणार नाही. त्यासाठी नमुन्यागणिक चालणारा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) बोर्ड घ्या.

मॉडेलचा आलेख इथे टाका. पहिला उंचवटा कुठे येतो, म्हणजे स्पीकर-ते-माइक उशीर किती, ते पाहून तुमचा पाइप पुरेसा लांब आहे का ते सांगतो.